निर्यात धोरण : व्हर्जन नवं, बग जुनाच

भिगवण म्हटलं की पुण्याच्या आयटीवाल्यांना दोनच गोष्टी आठवतात. हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर उतरणारे फ्लेमिंगो आणि हायवेवरची मच्छी थाळी. पण पक्ष्यांवरून जरा मान वळवली तर त्याच पाण्यावर उभी असलेली शेती दिसते. ऊस, केळी, द्राक्षं, डाळिंब. इंदापूर-बारामती पट्ट्यातली फळं परदेशातही जातात.

शेतमालाच्या निर्यातीसाठी सरकारने काय केलं, असं विचारलं की आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरं मिळतात. 'काहीच नाही' किंवा 'सगळं केलं'. मला दोन्ही पटत नाहीत.

आपल्याच धंद्यातलं उदाहरण घ्या. २००३ मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांवर कीटकनाशकांचे अंश सापडले आणि बोंबाबोंब झाली. मग २००६ मध्ये अपेडा या केंद्राच्या निर्यात संस्थेने 'ग्रेपनेट' सुरू केलं. बाग दरवर्षी कृषी खात्याकडे नोंदवायची, प्लॉटला नंबर, काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत, पास झाला तरच पुढचे दाखले. रॉटरडॅमला एखाद्या पेटीत गडबड सापडली, तर माग काढत थेट प्लॉटपर्यंत येता येतं. आपण ज्याला लॉग म्हणतो ते हेच की! २०१० मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशांमुळे पुन्हा कंटेनर अडकले, शेतकऱ्यांना जबर फटका बसला. मग तपासणी आणखी कडक झाली. पुढे डाळिंबासाठी अनारनेट आलं. म्हणजे सरकारला सिस्टीम बांधता येते, बग सापडला की दुरुस्तही करता येतो.

पण हेच सरकार दुसऱ्या हाताने काय करतं बघा.

डिसेंबर २०१८ मध्ये कृषी निर्यात धोरण आलं. ३० अब्ज डॉलरची निर्यात २०२२ पर्यंत ६० अब्जांवर न्यायची, आणि व्यापाराचे नियम स्थिर ठेवायचे. २०२१-२२ मध्ये आकडा ५० अब्जांच्या आसपास पोचला, वाईट नाही. पण नियमांचं काय? कांद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत. डिसेंबरमध्ये थेट बंदी, ३१ मार्चपर्यंत. मार्चमध्ये ती बेमुदत वाढवली. ४ मे २०२४ ला बंदी उठवली, पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरमध्ये शुल्क २० टक्के, आणि १ एप्रिल २०२५ पासून शून्य. साखरेचंही तेच. जून २०२२ पासून निर्यातीवर निर्बंध, मग पूर्ण थांबली, जानेवारी २०२५ मध्ये १० लाख टनांना परवानगी.

आपला एपीआय असा दर दोन महिन्यांनी न सांगता बदलला तर क्लायंट किती दिवस थांबेल? कोलंबो किंवा दुबईचा व्यापारीही थांबत नाही, दुसऱ्या देशातून माल उचलतो. आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक शुल्क शून्य झालं म्हणून लगेच परत येत नाही. डिसेंबरात बंदी आली तेव्हा रब्बी कांद्याची लागवड चालू होती. रोपं, खतं, मजुरी सगळा खर्च झालेला. 'अनडू' कुठून आणायचं?

आता कुणी म्हणेल, अरे पण शहरातल्या गरिबाने काय खायचं? प्रश्न रास्त आहे. हातावर पोट असलेल्याला कांदा साठ रुपयांना घ्यायला लावून निर्यातीचे झेंडे मिरवण्यात अर्थ नाही. पण त्यासाठी सरकारकडे भाव स्थिरीकरण निधी आहे, बफर साठा आहे. बाजारभावाने कांदा घ्या, गरिबांना स्वस्तात द्या, तोटा तिजोरीने सोसावा. आणि शुल्क लावायचंच असेल तर कोणत्या भावाला किती, हे लागवडीआधी जाहीर करा. झालेले सौदे पुरे होऊ द्या. एवढंच मागणं आहे, अनुदान कुणी मागत नाहीये.

बंदीने कांदा स्वस्त होतो तेव्हा सवलत गरिबाइतकीच तुम्हाआम्हालाही मिळते. गलेलठ्ठ पगारवाल्याची भाजी स्वस्त करायचं बिल दोन एकरवाल्याच्या नावावर फाडायचं, याला निर्यात धोरण म्हणत नाहीत राव. ग्रेपनेटमध्ये द्राक्षाच्या पेटीचा माग प्लॉटपर्यंत काढता येतो. या बिलाचा माग काढला, तर तो आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतो.