कॅनडातील पिकअप ट्रक
अल्बर्टा, सास्कॅचेवान, मॅनिटोबा या कॅनडाच्या गवताळ प्रांतांत पिकअप ट्रक शेतकऱ्याचे, बांधकाम कारागिराचे आणि घरचेही वाहन आहे. पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा अशी त्याची रचना असते. इंजिनाचे वजन पुढे असल्याने हौदा रिकामा असताना मागच्या चाकांवर भार कमी पडतो आणि बर्फावर ती घसरतात; म्हणून अनेक चालक मागच्या आसावर वाळूची पोती ठेवतात किंवा चारही चाकांना ताकद देणारी गाडी घेतात. पारा उणे ३० अंशांपर्यंत उतरला की इंजिनातले तेल घट्ट होते, त्यामुळे इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर रात्री विजेला जोडतात. थंडीतही रबर मऊ राहणारे हिवाळी टायर क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च कायद्यानेच सक्तीचे आहेत. रस्त्यांवर टाकलेल्या मिठाने पत्रा गंजतो; त्यावर उपाय म्हणजे हिवाळ्याआधी गाडीच्या तळाला गंजरोधक तेल फवारणे आणि हिवाळाभर तळ धूत राहणे. अशी जड गाडी इंधनही जास्त पिते, त्यामुळे नेमके किती ओझे वाहायचे आणि ओढायचे आहे, हे ठरवूनच ती निवडावी.