पेशी किती, एवढेच विचारू नका

पावसाळा सरत आला की शिरगावपासून बोईसरपर्यंत कुठल्याही वस्तीत जा, तापाच्या रुग्णाबद्दल पहिला प्रश्न ठरलेला : "पेशी किती आल्या?" कुणी पांढऱ्या पेशी म्हणते, कुणी नुसत्या पेशी. म्हणायचे असते प्लेटलेट. पांढऱ्या पेशी वेगळ्या, प्लेटलेट वेगळ्या, पण त्यावरून आम्ही कुणाशी वाद घालत नाही. एका आकड्यावर सगळे घर टांगून ठेवायचे, हे मात्र आम्हाला मान्य नाही.

डेंग्यूत प्लेटलेट कमी होतात हे खरे. पण डेंग्यूचा रुग्ण अत्यवस्थ होतो तो बहुतेक वेळा वेगळ्याच कारणाने. बारीक रक्तवाहिन्यांतून रक्तातले पाणी झिरपते, पोटात आणि छातीत साचते, उरलेले रक्त घट्ट होते आणि रक्तदाब पडतो. याची आगाऊ सूचना देणारा आकडा त्याच सीबीसीच्या कागदावर असतो. त्याचे नाव हिमॅटोक्रिट. रिपोर्टवर एचसीटी लिहितात, काही लॅब पीसीव्ही लिहितात. रक्ताच्या शंभर भागांत लाल पेशींचा वाटा किती, ते तो सांगतो. पाणी झिरपले की हा वाटा वर जातो. प्लेटलेट झपाट्याने खाली आणि एचसीटी वर, ही जोडी जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालीच धोक्याच्या खुणांमध्ये घातली आहे.

आता आपल्या घरांचा प्रश्न. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारच्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आले आहे. अशा बाईचा एचसीटी मुळातच खाली असतो. आमच्या ओळखीच्या एका ताईंचा तापाच्या दुसऱ्या दिवशी ३० होता, पाचव्या दिवशी ३७. रिपोर्टवर छापलेली मर्यादा ३६ पासून सुरू होत होती, म्हणून आकडा ठळक छापलेला नव्हता. सगळे "नॉर्मल". प्लेटलेट ६२ हजार होत्या, त्यामुळे "अजून भरपूर आहेत" म्हणून घरचेही निवांत आणि वॉर्डातले लोकही निवांत. पण ३० वरून ३७ म्हणजे तिच्या स्वतःच्या रक्ताच्या हिशेबाने जवळजवळ पाव वाढ. डॉक्टर २० टक्के वाढीलाच सावध होतात. ताईंचे पोट दुखत होते, सकाळपासून लघवी झालेली नव्हती. आम्ही दोन्ही कागद डॉक्टरांसमोर शेजारी शेजारी ठेवले. त्यांनी लगेच सलाइनचा हिशेब बदलला, दर काही तासांनी पुन्हा रक्त तपासले. ताई चालत घरी आल्या. पहिला कागद घरच्यांनी तांदळाच्या डब्यात जपून ठेवला होता, म्हणून हे जमले. तो नसता तर आम्ही तरी काय दाखवणार होतो?

प्लेटलेटच्या पिशवीसाठी दागिने गहाण टाकलेली घरेही आम्ही पाहिली आहेत. सिंगापूर आणि मलेशियात ३७२ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१७ साली लॅन्सेट या नियतकालिकात आला. प्लेटलेट २० हजार किंवा त्याहून कमी, पण मोठा रक्तस्राव नाही, असे हे रुग्ण होते. पिशवी चढवल्याने त्यांचा रक्तस्राव टळला नाही, उलट त्रास होण्याची शक्यता वाढलेली दिसली. रक्त जात असेल तर गोष्ट वेगळी, तिथे पिशवी लागू शकते. पण ४० हजार आकडा बघून रात्री दाते शोधत पळायचे कारण नाही. (पपईच्या पानाच्या रसाचे विचाराल तर, तो पाजून उलट्या सुरू झाल्या की डॉक्टरांना उलटी आजाराची की रसाची हेच कळत नाही.)

कोरोनात वेगळे काय घडले? २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यात घरी बसलेले, साधा ताप असलेले लोक दोन-तीन दिवसांआड सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन करून घेत होते. ३ मे २०२१ रोजी एम्सचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांना जाहीरपणे सांगावे लागले की सौम्य आजारात, ऑक्सिजन नीट असताना या तपासण्यांची गरज नाही. मग त्या तपासण्या खोट्या का? मुळीच नाही. वुहानमधल्या दाखल १९१ रुग्णांच्या अभ्यासात, भरती होतानाच ज्यांचा डी-डायमर १ च्या वर होता त्यांना मृत्यूचा धोका जास्त असल्याचे आढळले होते. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत टॉसिलिझुमॅब कुणाला द्यायचे हे ठरवताना ऑक्सिजन ९२ च्या खाली आणि सीआरपी ७५ किंवा जास्त, अशी दोन्ही मापे एकत्र धरली होती. डी-डायमर गरोदरपणात वाढतो, वयानेही वाढतो. माणूस बाजूला ठेवून नुसता आकडा वाचला तर तो घाबरवतो तरी किंवा खोटा धीर तरी देतो.

तारापूर एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्या भावांना एक सांगायचे आहे. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाचे २४ ते ४८ तास सर्वांत धोक्याचे. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मधले. नेमका त्याच दिवशी "बरे वाटतेय" म्हणून माणूस कामावर जातो, कारण खाडा परवडत नाही. त्या दिवशी घरी राहा आणि सीबीसी पुन्हा करा. पोटात सतत दुखणे, थांबत नसलेली उलटी, हिरड्यांतून रक्त, सुस्ती किंवा बेचैनी, सहा तास लघवी नाही, यातले एक जरी दिसले तरी रिपोर्टची वाट न बघता रुग्णालय गाठा. तापाला पॅरासिटामॉल, अंगदुखीची ब्रुफेन किंवा अ‍ॅस्पिरिन नको.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार आणि तपासण्या मोफत आहेत. तेव्हा सीबीसीसाठी बाहेरच्या लॅबला पैसे मोजण्याआधी तिथे मागा. आमची मागणी त्यापुढची आहे : ताप उतरलेल्या रुग्णाचा रिपोर्ट उद्या नको, काही तासांत हवा, आणि केसपेपरवर प्लेटलेटच्या शेजारी एचसीटी रोज लिहिलेला हवा. भरती रुग्णाच्या नोंदींची प्रत मागितल्यावर ७२ तासांत मिळाली पाहिजे, हा २००२ पासूनचा नियम आहे. मागताना आवाज चढवायची गरज नसते. अर्जाची एक प्रत सही-शिक्क्यासह आपल्याकडे ठेवली की पुरते.

येत्या रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात वही घेऊन बसणार आहोत. घरात असतील ते जुने रिपोर्ट आणा, मळलेले, फाटलेलेही चालतील. प्रत्येकाचा ताप नसतानाचा एचसीटी आणि हिमोग्लोबिन नावापुढे लिहून ठेवू. बायांचे आधी.