दोन सेंटिमीटरचा भुर्दंड

निवडणूक, पाऊस, भाव हे विषय सोडून आज जरा वेगळं लिहितोय. विषय किरकोळ वाटेल, पण घरातून ऑनलाइन विक्री करणाऱ्या कुणालाही विचारा, तो पहिली तक्रार हीच सांगेल. पार्सल पोहोचतं, ग्राहक खूश होतो आणि आठ-दहा दिवसांनी मोबाईलवर मेसेज येतो : "तुमच्या पार्सलच्या वजनात तफावत आढळली. फरकाची रक्कम वॉलेटमधून वजा केली आहे."

झालं. विचारणा नाही, परवानगी नाही. पैसे गेले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लहान विक्रेता थेट कुरिअर कंपनीकडे जात नाही. मधल्या एखाद्या ॲपवर आधी पैसे भरतो, पार्सलचं वजन आणि लांबी-रुंदी-उंची टाकतो, शिपिंग लेबल काढतो. घरी प्रिंटर नसतो, म्हणून झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट आणून खोक्यावर चिकटवतो. त्याच्या दृष्टीने व्यवहार इथे संपला. पण पुढे कुरिअरच्या हबमध्ये यंत्र ते खोकं पुन्हा मोजतं, आणि खरा दर तिथे ठरतो.

आता गणित बघा. कुरिअरवाले दोन वजनं धरतात. एक काट्यावरचं आणि दुसरं आकारमानाचं. सेंटिमीटरमधली लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ५०००. यातलं जे जास्त, त्याचे पैसे. तेही साधारण अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी.

आमच्या भागातल्या बचत गटांच्या बायका कुरडया, पापड विकतात. माल हलका, पण जागा खाणारा, त्यात कुरडई मोडू नये म्हणून खोकं मोठं घ्यावं लागतं. समजा अर्धा किलो कुरडई २५ × २० × १५ सेंटिमीटरच्या खोक्यात भरली. काट्यावर भरतं ७०० ग्रॅम. आकारमानाने होतं दीड किलो. ठीक आहे, नियम आहे, ताईंनी दीड किलोचे पैसे भरले.

पण प्रवासात खोकं फुगलं, त्यावर चार पार्सलं आदळली, कडा बाहेर आल्या. हबच्या यंत्राने प्रत्येक बाजू फक्त दोन सेंटिमीटर जास्त मोजली, म्हणजे २७ × २२ × १७. आकारमानाचं वजन झालं २ किलो २० ग्रॅम. टप्पा लागला थेट अडीच किलोचा! आत कुरडई तेवढीच, अर्धा किलो.

एका टप्प्याला ३० रुपये धरा. दोन टप्प्यांचे ६०, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७० रुपये ८० पैसे. अर्धा किलो कुरडईमागे ताईंना सुटतात किती? पन्नास-साठ रुपये. म्हणजे उन्हात बसून केलेल्या मालावर कमाई नाहीच, उलट खिशातून दहा रुपये गेले. आणि कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल ग्राहकाने परत पाठवलं, तर परतीचं भाडंही बहुतेक वेळा वाढीव वजनानेच लागतं.

कुरिअरवाल्यांची बाजूही आहे, ती मांडायलाच हवी. गाडी वजनाने भरते तशी जागेनेही भरते. दोन किलोचा माल अर्धा किलो म्हणून टाकणारे महाभाग विक्रेत्यांमध्येही आहेत. त्यामुळे पुन्हा मोजायला माझा विरोध नाही.

विरोध आहे तो पद्धतीला. मोजणार तुम्ही, चूक ठरवणार तुम्ही, पैसे कापणार तुम्ही, आणि पुरावा मात्र विक्रेत्याने द्यायचा! तोही ठरावीक दिवसांत, साधारण आठवडाभरात. मुदत गेली की हरकत संपली. ॲप इंग्रजीत, आणि हरकत नोंदवायचा रकाना शोधण्यातच दोन दिवस जातात.

आठवडी बाजारातल्या भाजीवाल्याच्या काट्यालाही वैधमापन शास्त्र विभागाची पडताळणी आणि शिक्का लागतो. वैधमापन अधिनियम २००९ चा आहे. मग ज्या यंत्राच्या आकड्यावर रोज हजारो पार्सलांचे पैसे कापले जातात, त्याची शेवटची पडताळणी कधी झाली, हे विचारायचं कुणी?

सरकारी पोस्टाला आपण नावं ठेवतो. पण तिथे वजन तुमच्या डोळ्यासमोर होतं, पैसे सांगतात, पावती हातात येते. स्पीड पोस्टचे दर तेरा वर्षांनी, १ ऑक्टोबर २०२५ पासून बदलले. ते आधी जाहीर झाले, तारीख कळली. दरवाढ कुणालाच आवडत नाही, पण ती माहीत असली की मालाची किंमत तरी ठरवता येते. मागाहून होणाऱ्या कपातीचा हिशोब कसा धरायचा?

माझ्या मते तीन गोष्टी व्हायला हव्यात. एक, कपातीच्या मेसेजसोबतच हबमधला मोजमापाचा फोटो आणि यंत्राच्या पडताळणीची तारीख द्या. दोन, हरकत निकाली निघेपर्यंत वादातली रक्कम कापू नका. तीन, मुदत फक्त विक्रेत्याला नको, कंपनीलाही हवी. पार्सल पोहोचून आठवडा उलटला की नवी वसुली बंद.

ई-कॉमर्सचे २०२० चे नियम आहेत, पण त्यांचा रोख खरेदीदाराच्या संरक्षणावर आहे. विकणारी बचत गटातली बाई काही बडी व्यापारी नाही, तिचाही विचार व्हावा. 'उमेद'च्या प्रशिक्षणात ऑनलाइन विक्री शिकवताना हा एक तास तरी ठेवा.

तोवर विक्रेत्यांनी एवढं करा. वजन-माप पॅकिंग झाल्यावरच घ्या, खोक्याच्या बाहेरून. पार्सल काट्यावर ठेवून, टेप लावून, लेबल दिसेल असे फोटो काढा आणि महिनाभर जपून ठेवा. बारकोडवर चकचकीत चिकटपट्टी मारू नका, स्कॅन होताना अडचण येते. आणि दीड किलोच्या अगदी काठावरचं खोकं वापरू नका, एक नंबर लहान घ्या.

तुमचे असे पैसे कापले गेले असतील तर कमेंटमध्ये रक्कम आणि कारण लिहा. वीस-पंचवीस उदाहरणं जमली की संबंधित कार्यालयात लेखी निवेदन द्यायला मी स्वतः जातो. सत्तर रुपयांसाठी कोण भांडत बसणार, या हिशोबावरच तर हे सगळं चाललंय.