दवाखाना घरी येतो तेव्हा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. अकोल्याजवळच्या एका खेड्यात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. गटातली एक बाई आली नव्हती. नवरा दवाखान्यातून आला म्हणून भेटायला तिच्या घरी गेलो. तो खाटेवर बसलेला. छातीच्या बाजूला नळी, नळीच्या टोकाला प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवी खाटेच्या वर भिंतीतल्या खिळ्याला टांगलेली. नळीत पिवळं पाणी थबकून राहिलेलं. ‘‘वर काऊन टांगली व?’’ असं विचारलं तर म्हणते, ‘‘ताई, सलाईन वरच टांगतेत ना? म्हनून म्या बी वरच टांगली. मले कोनी सांगलंच नाई.’’

मैत्रिणींनो, तिचं काय चुकलं? दवाखान्यात आपण जन्मभर सलाईनच पाहिलं. ते वरून अंगात जातं. ही पिशवी नेमकी उलटी. छातीतलं पाणी, पू किंवा अडकलेली हवा बाहेर काढायची, म्हणून ती नेहमी छातीच्या खाली हवी. वर टांगली की पाणी उतरायचं थांबतं. झडप नसेल किंवा बिघडली असेल तर पिशवीतलं पाणी जंतूंसकट परत छातीतही जाऊ शकतं. घरी पाठवताना एवढं एक वाक्य तिला कोणी सांगितलं नव्हतं. सुटीच्या कागदावर सगळं इंग्रजीत होतं.

आता जरा मोठ्या चित्राकडे पाहू. अकोल्याला २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अमरावतीतही २०२४ मध्ये १०० जागांचं महाविद्यालय मंजूर झालं. ही आनंदाचीच बाब आहे. पण खाटा कमी आणि पेशंट जास्त, हे इर्विनच्या किंवा सर्वोपचारच्या वॉर्डात एक चक्कर मारली तरी दिसतं. शिवाय पेशंट घरी लवकर हिंडू-फिरू लागला तर त्याच्यासाठीही बरंच. त्यामुळे अशा पिशव्या आता घरोघरी येणार. क्षयरोगानं छातीत पाणी होणं आपल्याकडे नवं नाही. २०२५ पर्यंत क्षयरोग संपवायचं देशानं ठरवलं होतं. प्रत्यक्षात जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१५ साली लाखामागे २३७ नवे रुग्ण होते, ते २०२४ मध्ये १८७ झाले. घट आहे, पण रोग गेलेला नाही.

आणि घरी आलेल्या पेशंटचं करतं कोण? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के बाया घरातल्या माणसांची काळजी घेण्यात दिवसाला सरासरी १४० मिनिटं देताना आढळल्या. पुरुष २१.४ टक्के, आणि त्यांची मिनिटं ७४. म्हणजे दवाखान्यातून सुटी झालेली नर्सची ड्युटी आपल्या पदरात पडते. स्वयंपाक, पाणी, निंदण सांभाळून. पगार नाही, आणि शिकवणीही नाही.

म्हणून आधी शिकून घेऊ. श्वास आत घेतो तेव्हा छातीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. तिथे उघडी नळी असली तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि फुप्फुस दबतं. म्हणून फिरत्या पिशवीला एकेरी झडप असते. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा जाते पण परत येत नाही, तशीच ही. त्या झडपेमुळेच खालची तोटी उघडून पिशवी घरी रिकामी करता येते. पण पिशवीऐवजी पाण्याची बाटली दिली असेल तर ती नेहमी उभी ठेवा, आणि नर्सनं स्वतः शिकवल्याशिवाय घरी उघडू नका. तिथे ते पाणीच झडपेचं काम करतं.

पिशवी साधारण अर्धी भरली की, किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी रिकामी करा. आधी साबणानं हात धुवा, हातमोजे घाला. खुणा असलेलं मापाचं भांडं याच कामासाठी वेगळं ठेवा. भांडं तोटीखाली धरा, पण तोटीचं टोक भांड्याला किंवा बोटाला लागू देऊ नका. पिशवी दाबू-पिळू नका. रिकामी झाली की तोटी घट्ट बंद करून स्पिरिटच्या कापसानं पुसा. पाणी मोजा, संडासात ओता, भांडं ब्लीचिंगच्या पाण्यानं धुवा, पुन्हा हात धुवा. मग वहीत तारीख, वेळ, किती मिलि आणि रंग लिहा. मुलांच्या जुन्या वहीचं कोरं पान चालतं. नळी कधी काढायची हे ठरवताना डॉक्टरांना ही नोंद फार कामी येते.

नळीला पीळ पडू देऊ नका, झोपेत ती अंगाखाली येऊ देऊ नका. मनानं चिमटा लावून ती बंद करू नका. छातीत हवा अडकलेली असेल तर त्यानं जीव धोक्यात येतो. पिशवीला हवा जायला भोक असेल तर चिकटपट्टीनं बुजवू नका. ड्रेसिंग कोरडं ठेवा. जुनी पिशवी आणि ड्रेसिंग घंटागाडीत टाकू नका, दवाखान्यात परत द्या.

दम वाढला, ताप आला, पाणी लालभडक झालं, वाहणं अचानक थांबलं किंवा नळीभोवतीची कातडी फुगून दाबल्यावर चुरचुरली, तर उद्यावर ढकलू नका. नळी निघाली तर परत आत सारू नका. जागेवर स्वच्छ गॉज ठेवा, तीन बाजूंनी पट्टी लावा, चौथी मोकळी सोडा आणि १०८ ला फोन करा.

हे सगळं शिकवायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. नवजात बाळासाठी आशाताई ४२ दिवसांत ठरलेल्या भेटी देतात, आणि त्याचा फायदा आपण पाहतो. छातीत नळी घेऊन आलेल्या माणसासाठी अशी ठरलेली भेट आमच्या भागात मी तरी पाहिली नाही. कर्नाटक-पंजाबात सरकारी दवाखान्यांत ‘नूरा हेल्थ’च्या मदतीनं नर्स वॉर्डातच नातेवाइकांचे वर्ग घेतात. आपल्याकडेही प्रत्येक वॉर्डात असा तास हवा, आणि हाती मराठीत, चित्रांसह एक कागद हवा. नव्या इमारतींइतकीच ही मागणी मोठी आहे. रुग्ण कल्याण समितीत बसणाऱ्या भगिनींनी ती लावून धरावी.

तोवर आपण एक करू शकतो. सुटीच्या दिवशी नर्सबाईंना म्हणायचं, ‘‘सिस्टर, एकदा माझ्या हातानं करून पाहते, तुम्ही बघा.’’ यात लाज कसली? आणि शिकताना घरातला एखादा पुरुषही सोबत उभा करा. त्या बाईच्या घरी आम्ही पिशवी खाली घेतली आणि तिच्या नवऱ्याला त्याच दिवशी दवाखान्यात दाखवलं. तो आता बरा आहे. पण त्या चार दिवसांत त्याला काही झालं असतं, तर गावानं दोष तिलाच दिला असता.