चौलचे विणकर

चौल म्हटले की आपल्या वह्यांत दोन ओळी सापडतात : पोर्तुगीजांचा रेवदंड्याचा कोट आणि १५७०-७१ चा मूर्तजा निजामशहाचा वेढा. परीक्षेपुरते तेवढे पुरते! पण कुंडलिकेच्या मुखाशी असलेले हे बंदर त्याहून फार जुने. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल्-मसूदी येथे येऊन गेला. पंधराव्या शतकात रशियाचा निकितीन विकायला घोडा घेऊन येथेच उतरला.

असे बंदर ओस कशाने पडले? तोफांनी नव्हे, वेढा तर त्याने सोसला. खाडी गाळाने भरत गेली, व्यापार मुंबईकडे वळला आणि सतराव्या शतकात रेशीम विणणारे कारागीरही मुंबईची वाट धरू लागले. वेढ्याचे साल आपल्याला पाठ असते, या माणसांविषयी मात्र एक प्रश्नही येत नाही.

सोलापुरात बसून चौलची चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. अहो, आपला हा सारा पूर्व भाग विणकरांचाच! तेलंगणातून आलेली पद्मशाली घराणी, हातमाग, पुढे यंत्रमाग, चादरी, टॉवेल. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी आज नाही. तिचा भोंगा ऐकलेली माणसेही थोडीच उरली आहेत. माझे स्पष्ट मत असे की, इतिहास विभागाने एक वर्ष किल्ल्याची सहल रद्द करावी (सहलप्रेमी मित्र रागावतील, रागावोत!) आणि आम्हांला वही देऊन भवानी पेठेतल्या आजोबांकडे पाठवावे. ते तेलुगूत बोलतील. आमच्या वर्गात तेलुगू समजणारे पुष्कळ आहेत.