कलाकाराचे देणे कोण फेडणार?

नागपूर शहर दक्षिणेकडे वाढत गेले, तसे वर्धा मार्ग आणि बेसा यांच्या दरम्यान मनीषनगर भरत गेले. आज ती नोकरदार, सुशिक्षित, संस्कारप्रिय कुटुंबांची मोठी वसाहत आहे. येथील कोणत्याही घरात पाऊल टाकले, तर कलेचा वावर पदोपदी जाणवतो. देव्हाऱ्यात लक्ष्मी-सरस्वतीची तसबीर असते. दिवाणखान्यात शिवछत्रपतींचे चित्र असते. भाद्रपदात महालच्या चितार ओळीतून आणलेली गणेशमूर्ती विराजमान होते. मुले एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांची तयारी करीत असतात आणि निवासी संकुलाच्या कुंपणभिंतीवर वारली चित्रांची रांग उमटलेली असते. ज्या समाजाचे नित्यजीवन चित्र-शिल्पावाचून एक दिवसही पुढे सरकत नाही, त्या समाजात चित्रकार-मूर्तिकाराचे स्थान काय आहे? त्याला कामाचे दाम मिळते काय? त्याचे नाव कोठे लिहिले जाते काय? भिंत रंगविताना तो परातीवरून पडला, तर त्याच्या कुटुंबाची जबाबदारी कोणावर असते?

या प्रश्नांची उत्तरे फारशी भूषणावह नाहीत. सजावटीचा मांडव, ध्वनिक्षेपक, प्रसाद आणि फलक यांची बिले उत्सव संपण्यापूर्वी चुकती होतात. पार्श्वभूमीचे चित्र रंगविणाऱ्याला मात्र ‘देवाचे काम आहे, घासाघीस कशाला?’ असे ऐकविले जाते. विजेचे काम करणाऱ्याला असे ऐकविण्याचे धाडस कोणी करीत नाही. कलाकाराच्या बाबतीत ते सहज केले जाते, कारण कला ही साधना आहे, तिचा मोबदला मागणे हे हीनपणाचे लक्षण आहे, अशी समजूत आपल्याकडे खोलवर रुजली आहे.

परंपरा काय सांगते?

ही समजूत भारतीय परंपरेच्या नावावर खपविली जाते. परंतु परंपरेची साक्ष नेमकी उलट आहे. सांचीच्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी हे कोरीवकाम केल्याचा लेख आहे. दोन सहस्र वर्षांपूर्वीच्या कारागिरांच्या समूहाला आपली ओळख पाषाणावर कोरता आली आणि कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराचे उदाहरण तर याहून बोलके आहे. अकराव्या शतकाच्या आरंभी राजराज चोळाने त्या मंदिराच्या भिंतींवर देवाच्या सेवेतील ४०० नर्तिकांची नावे कोरविली आणि प्रत्येकीला वर्षाकाठी किती धान्य मिळावे, हेही नोंदविले. वादक, सुतार, शिंपी, सोनार यांचे वाटेही तेथे लिहिलेले आहेत. देवाच्या दारी वेतनाचा हिशेब कोरला गेला, म्हणून त्या सेवेचे पावित्र्य उणावले नाही. देवकार्य आहे म्हणूनच दाम चोख असले पाहिजे, हा त्या शिलालेखाचा अर्थ आहे.

सेवा आणि वेठ यांतील सीमारेषा येथेच आहे. सेवा किती करायची, हे देणाऱ्याने ठरवायचे असते, घेणाऱ्याने नव्हे. एखादा मूर्तिकार स्वेच्छेने मूर्ती अर्पण करतो, ते दान होय. परंतु दर ठरविताना त्याच्या श्रद्धेचा आधार घेऊन निम्मी रक्कम कापणे, याला दुसरे नाव आहे.

मूळचा नागपूरचा चित्रकार

आधुनिक भारतीय चित्रकलेतील अग्रगण्य नाव असलेले वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपुरात झाला. मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले आणि १९७१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अत्यंत मोजकी चित्रे काढून, प्रसिद्धीपासून दूर राहून, २००१ साली त्यांनी जगाचा निरोप घेतला. त्यानंतर बारा वर्षांनी, डिसेंबर २०१३ मध्ये, मुंबईतील एका आंतरराष्ट्रीय लिलावात त्यांचे एक चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना विकले गेले. पुढील काळात त्यांच्या चित्रांना याहूनही अधिक रकमा मिळाल्या.

या वाढीव मूल्यात ते निर्माण करणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा काही वाटा असावा की नाही? फ्रान्सने १९२० सालीच ‘असावा’ असे उत्तर देऊन पुनर्विक्रीतील वाट्याचा हक्क कायद्यात आणला. भारतानेही १९९४ च्या दुरुस्तीने प्रतिलिप्यधिकार कायदा, १९५७ मध्ये कलम ५३-अ घातले. चित्र, शिल्प अथवा रेखाटन यांची मूळ प्रत १० हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकली गेली, तर १० टक्क्यांपर्यंतचा वाटा मूळ कलाकाराला अथवा त्याच्या वारसांना मिळावा, असे हे कलम सांगते. २३ कोटी ७० लाखांच्या व्यवहारात ही कमाल रक्कम ढोबळमानाने २ कोटी ३७ लाख रुपये होते. मात्र हा वाटा विक्रीच्या वेळीच वेगळा काढून कलाकारापर्यंत पोहोचविणारी यंत्रणा उभी राहिली नाही. वाटा निश्चित करणारे अपिलीय मंडळ २०२१ साली रद्द झाले आणि हे काम न्यायालयांकडे गेले. ज्याच्याकडे रंग आणायला पैसे नाहीत, त्याने पुनर्विक्रीचा शोध घ्यावा, वकील नेमावा आणि धनाढ्य संग्राहकाविरुद्ध दावा लढावा, अशी अपेक्षा म्हणजे हक्क कागदावर देऊन व्यवहारात काढून घेणे होय.

त्यातही एक खोच आहे. हा लाभ प्रतिलिप्यधिकाराचा प्रथम स्वामी असलेल्या कलाकारालाच मिळतो. कलम १७ नुसार मोबदला देऊन कोणी चित्र अथवा व्यक्तिचित्र काढवून घेतले आणि विरुद्ध करार नसेल, तर प्रथम स्वामी कलाकार नसून ते काढवून घेणारा ठरतो. म्हणजे एखाद्या संस्थेने नेत्याचे व्यक्तिचित्र करवून घेतले आणि त्याच्या हजारो प्रती छापून विकल्या, तरी लेखी करार नसल्यास चित्रकाराला एक पैसाही मागता येत नाही. आपल्याकडे असे करार किती होतात, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

कायद्याचे एक कलम मात्र कलाकाराच्या बाजूने ठामपणे उभे राहिले आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी घडविलेले भव्य कांस्य भित्तिशिल्प १९७९ साली उतरवून गोदामात टाकले गेले आणि त्याची मोडतोड झाली. सहगल न्यायालयात गेले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ५७ च्या आधारे शिल्पाचे अवशेष त्यांना परत करण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश शासनाला दिला. कलाकृती विकली गेली, तरी तिच्या सन्मानाशी कलाकाराचे नाते तुटत नाही, हे तत्त्व त्या निकालाने प्रस्थापित केले. भित्तिचित्रांवर चुना फासण्यापूर्वी प्रत्येक नगरपालिकेने ते आठवावे.

उन्हातला कुंचला

प्रश्न केवळ नामवंतांचा नाही. कोटींच्या लिलावाशी ज्यांचा संबंध येणार नाही, अशा सामान्य रंगकर्मींची संख्या कितीतरी अधिक आहे. छापील फलकांनी हाताने पाट्या रंगविणाऱ्यांचा व्यवसाय गिळला, आणि आता संगणकाने क्षणात तयार केलेली चित्रे उरल्यासुरल्या कामावर आली आहेत. उड्डाणपुलांचे खांब आणि शासकीय भिंती रंगविण्याची जी कामे निघतात, ती बहुधा कंत्राटदारामार्फत होतात. नागपूरच्या वैशाखात पारा ४५ अंशांकडे झुकत असताना, धावत्या वाहनांच्या शेजारी, परातीवर उभे राहून रंगाच्या वाफा श्वासात घेणाऱ्या तरुणाजवळ विमा नसतो. चौरस फुटाच्या दराने मिळणाऱ्या मजुरीखेरीज दुसरे काही त्याच्या वाट्याला येत नाही. चित्राखाली प्रायोजकाचे नाव असते, चित्रकाराचे नसते.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी, विश्वकर्मा जयंतीच्या दिवशी, केंद्र शासनाने ‘पीएम विश्वकर्मा’ योजना आरंभिली. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांचे साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने कर्ज देणारी ही योजना निश्चितच अभिनंदनीय आहे. तिच्या १८ व्यवसायांत मूर्तिकार आणि कुंभार आहेत. परंतु रंगचित्रकार अथवा फलकचित्रकार नाही. विश्वकर्म्याच्या नावाची योजना कुंचल्यापाशी येऊन थांबावी, ही त्रुटी दूर करणे अवघड नाही. त्यासाठी कोणीतरी आग्रह धरला पाहिजे.

शाळेतील दुय्यम तास

कलाकाराच्या उपेक्षेची पहिली शिकवण शाळेतच मिळते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, तेही शंभराहून अधिक विद्यार्थी असतील तरच, कलाशिक्षणाकरिता ‘अंशकालीन निदेशक’ सांगितला आहे. गणिताला शिक्षक आणि चित्रकलेला अंशकालीन निदेशक, हा भेद विद्यार्थ्याच्या चटकन लक्षात येतो. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण कला आणि विज्ञान यांत कठोर भिंत नसावी, असे म्हणते. ती भिंत पाडायची असेल, तर कलाशिक्षकाची पूर्णवेळ नेमणूक आणि नियमित वेतन यांपासून आरंभ करावा लागेल.

विषय कोणाचा?

कलाकारांच्या हक्कांची गोष्ट निघाली, की तो डाव्या चळवळींचा विषय मानून राष्ट्रीय विचारांची मंडळी बाजूला होतात. ही चूक आहे. वर्धा जिल्ह्यातील आर्वीचे सुपुत्र दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ साली भारतीय मजदूर संघाची स्थापना केली, तेव्हाही श्रमिकांचा प्रश्न दुसऱ्या कोणाचा तरी मानला जात होता. विश्वकर्मा जयंती हा राष्ट्रीय श्रम दिन मानणाऱ्या विचारपरंपरेला कुंचला धरणारा हात परका असू शकत नाही. संघटित आग्रहाने काय साधते, हे चित्रपटगीतांचे गीतकार आणि संगीतकार यांनी दाखवून दिले आहे. २०१२ च्या दुरुस्तीने त्यांच्या स्वामित्वधनाच्या हक्काला जे संरक्षण मिळाले, ते चित्रकार-शिल्पकारांना का मिळू नये?

म्हणूनच लोकप्रतिनिधींकडे काही मागण्या स्पष्टपणे गेल्या पाहिजेत. कलम ५३-अ साठी वसुलीची यंत्रणा उभारावी आणि पुनर्विक्रीची माहिती देणे लिलावगृहांना बंधनकारक करावे. कलम १७ मधील तरतूद उलटवून, लेखी करार नसेल तेथे हक्क कलाकाराकडेच राहावा. शासकीय भित्तिचित्रांच्या प्रत्येक कामात करार, विमा आणि चित्रकाराचे नाव अनिवार्य असावे. बोधचिन्ह स्पर्धेत एकाला बक्षीस देऊन सर्व प्रवेशिकांचे हक्क घेण्याची अट शासकीय संस्थांनी सोडून द्यावी. विश्वकर्मा योजनेत चित्रकाराचा समावेश करावा.

हे सारे होण्यास काळ लागेल. परंतु मनीषनगरातील निवासी संकुले, गणेश मंडळे आणि शाळा यांना त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. काम सांगण्यापूर्वी रक्कम व मुदत एका कागदावर लिहावी, निम्मी रक्कम आगाऊ द्यावी, उरलेली काम संपताच चुकती करावी आणि चित्राच्या कोपऱ्यात चित्रकाराचे नाव राहू द्यावे. वर्गणीच्या ताळेबंदात मांडव आणि ध्वनिक्षेपक यांच्याबरोबर ‘चित्रकाराचे मानधन’ अशी एक स्वतंत्र ओळ यावी. राजराज चोळाने जे पाषाणावर कोरले, ते मंडळाच्या कोषाध्यक्षाने वहीत लिहिणे मुळीच कठीण नाही.