खच्ची घोड्याचा शिश्नकोश आणि वैद्याची मर्यादा

पशुआयुर्वेद हा आपल्या संमेलनांतून अभिमानाने उच्चारला जाणारा विषय आहे. शालिहोत्र, नकुल व जयदत्त ही नावे अश्ववैद्यकाच्या संदर्भात आदराने घेतली जातात. पालकाप्याचा ‘हस्त्यायुर्वेद’ १८९४ साली पुण्याच्या आनंदाश्रमाने प्रसिद्ध केला, याचाही उल्लेख होतो. परंतु हा वारसा औषधालयाच्या फळीपर्यंत कोणत्या रूपात पोहोचतो, याचा विचार क्वचितच केला जातो. माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी येथील घोडेवाले असोत वा एखाद्या अश्वारोहण शाळेचा मोतद्दार असो, ‘घोडा खालून हात लावू देत नाही, वास येतो, एखादे तेल द्या’ अशी मागणी होते आणि बहुधा माणसांच्या व्रणासाठी असलेल्या तेलाची बाटली दिली जाते. ही पद्धत थांबावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम शरीराची स्थिती समजून घेऊ. घोड्याचे शिश्न त्वचेच्या दुहेरी घडीच्या कोशात राहते. कोशातील ग्रंथींचा स्राव, गळलेली त्वचा व धूळ मिळून काळसर, मेणासारखा मल तयार होतो. खच्ची केलेल्या घोड्यांपैकी अनेक घोडे शिश्न पूर्णपणे बाहेर काढीत नाहीत. त्यामुळे हा मल घड्यांत साचून राहतो. शिश्नाच्या अग्रभागी मूत्रमार्गाच्या तोंडाभोवती एक खळगा असतो. त्यात हाच मल घट्ट होऊन घेवड्याच्या दाण्यासारखी गोळी बनते. ती मोठी झाल्यास मूत्रमार्गावर दाब येऊन लघवीच्या वेळी त्रास होऊ शकतो.

तथापि मल दिसला म्हणजे रोग झाला, असे नव्हे. थोडा स्राव त्वचेला स्निग्ध ठेवतो व तिचे रक्षण करतो. त्वचेवर नित्य वास करणारे सूक्ष्म जंतूही तेथील आरोग्याचाच भाग आहेत. दर आठवड्याला साबणाने कोश धुणाऱ्या मालकाला आपण घोड्याची निगा राखतो असे वाटते, पण प्रत्यक्षात तो त्वचा रूक्ष करतो व दाहाला आमंत्रण देतो. म्हणून पाहणी सहा महिन्यांतून एकदा करावी, धुणे मात्र गरज असेल तरच करावे. लघवीची धार बारीक वा फुटकी होणे, लघवी करताना वारंवार ताणून उभे राहणे, मागच्या पायांच्या आतील बाजूस वाळलेला मल दिसणे, तीव्र दुर्गंधी, शेपूट घासणे ही गरजेची लक्षणे होत. सूज, रक्त वा व्रण दिसल्यास धुण्याचा विचार सोडून थेट पशुवैद्यकाला बोलवावे.

आता द्रव्यांविषयी. आपल्याला काहीतरी औषध दिल्याशिवाय समाधान वाटत नाही, ही वस्तुस्थिती आहे. पण येथे उत्तम द्रव्य कोमट पाणी हेच आहे. खपली घट्ट असेल तर आदल्या दिवशी साधे खोबरेल वा तीळतेल हलक्या हाताने लावावे. आधी स्नेहन, मग शोधन, हा क्रम आपल्याला नवा नाही. दुसऱ्या दिवशी मऊ कापडाने वा कापसाने मल पुसून घ्यावा व भरपूर पाण्याने कोश स्वच्छ करावा, तेलाचा अंशही मागे ठेवू नये. क्षार, कासीस, कापूर, मोहरीचे तेल, तीव्र काढे व दाट जंतुनाशके या नाजूक त्वचेवर वापरू नयेत. स्पर्धेच्या घोड्यांबाबत आणखी एक धोका आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या हाँगकाँग येथे झालेल्या अश्वारोहण स्पर्धांत चार घोड्यांच्या तपासणीत मिरचीतील दाहक द्रव्य आढळले व ते प्रकरण जगभर गाजले. वनस्पतिज म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत तेथे उपयोगी पडत नाही.

घोडा अवघड असेल तर काय करावे, हा खरा प्रश्न आहे. लाथ मारणारा घोडा नेहमीच खोडकर असतो असे नाही; कित्येकदा त्याला वेदना होत असतात. पूर्वी हात लावू देणारा घोडा अचानक बिथरू लागला तर ते लक्षणच समजावे. केवळ सवय नसेल तर घाई करू नये. एकाने डोके धरावे. दुसऱ्याने खांद्याजवळ, अंगाला अंग लावून उभे राहावे, एक हात पाठीवर ठेवावा व दुसरा हात पोटावरून हळूहळू मागे न्यावा. घोडा शांत राहिला की हात काढून घ्यावा. तो उसळला असता लगेच हात काढल्यास उसळण्याचेच शिक्षण मिळते. रोज काही मिनिटे याप्रमाणे आठवडा-दोन आठवडे दिले तर बरेच घोडे स्पर्श सहन करू लागतात. नखे कापलेली असावीत, हातमोजे घालावेत, शिश्न बळाने ओढू नये.

एवढ्यानेही न जमल्यास गुंगीचे औषध लागते, आणि येथे वैद्याची मर्यादा संपते. भांग, धोत्रा वा अफू यांचा ‘घरगुती’ प्रयोग कोणी सुचवीत असेल तर त्याला ठामपणे नकार द्यावा. पशुवैद्यकही या कामी औषध निवडताना सावध असतात, कारण ॲसप्रोमाझिनसारख्या औषधानंतर क्वचित शिश्न आत न जाता बाहेरच राहते. सुश्रुताने क्षुद्ररोगांत वर्णिलेल्या परिवर्तिकेशी आपण याची तुलना करू शकू. अशा वेळी शिश्न ओलसर ठेवून त्याला कापडाचा आधार द्यावा व पशुवैद्यकास तातडीने बोलवावे. दिवस उलटला तर सूज वाढून इंद्रियाची कायमची हानी होते.

सर्वांत गंभीर मुद्दा व्रणाचा आहे. घोड्याच्या शिश्नावर आढळणाऱ्या अर्बुदांत स्क्वॅमस पेशींचा कर्करोग सर्वाधिक असतो, आणि अश्व पॅपिलोमा विषाणू प्रकार २ याचा त्याच्याशी संबंध आढळला आहे. रंगद्रव्य नसलेल्या गुलाबी त्वचेला याचा धोका अधिक. आपल्याकडील पांढरे नुकरा घोडे याच वर्णाचे. माश्यांमार्फत येणाऱ्या कृमींच्या अळ्यांमुळेही उन्हाळ्यात तेथे न भरणारे व्रण होतात. दोन्ही व्रण बाहेरून सारखे भासू शकतात. अशा व्रणावर तीन महिने जात्यादि तेल लावले तर वरवर उपचार चालू दिसतो, पण शस्त्रक्रियेने घोडा वाचण्याचा काळ मात्र निघून जातो. न भरणाऱ्या व्रणाचा तुकडा तपासल्याशिवाय त्यावर तेल देणे म्हणजे चिकित्सा नव्हे.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवावी. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मधील आयुर्वेदीय औषधाच्या व्याख्येत माणसांबरोबर प्राण्यांचाही समावेश आहे. म्हणजेच घोड्यासाठी म्हणून तेल बनवून विकायचे असेल तर त्यालाही परवाना लागतो. माणसांच्या बाटलीवर नवी चिठ्ठी चिकटवून भागत नाही. पशुचिकित्सेचा अधिकार कोणाला, हे भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ ने ठरवून दिले आहे.

डोंगरात पशुवैद्यक वेळेवर मिळत नाही, मग मालकाने जावे कोठे, असा आक्षेप काही वैद्यबंधू घेतील. अडचण खरी आहे. पण तिचे उत्तर चुकीची बाटली हे नव्हे. औषधालयाने जवळच्या पशुवैद्यकांचे दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लावावेत, कोमट पाणी व साधे तेल यांची रीत समजावून सांगावी आणि न भरणारा व्रण, सूज वा अडलेली लघवी ऐकताच रुग्ण पुढे पाठवावा. यात एका बाटलीची विक्री बुडते हे खरे. परंतु ज्याच्या घोड्यावर घर चालते, तो माणूस योग्य वेळी योग्य ठिकाणी पाठविणाऱ्या वैद्याला विसरत नाही. अश्ववैद्यकाच्या परंपरेचा अभिमान आपण अशा आचरणातून दाखवावा, एवढीच विनंती.